तीन हजारांना अट, पाच लाखांना नाही

पनवेल तालुक्यातल्या एखाद्या आजोबांनी सरकारकडून म्हातारपणी काय काय मिळतं याची यादी करायला घेतली, तर पाचव्या ओळीपर्यंत त्यांना हसू फुटेल. पंचाहत्तरी गाठली की एसटीला तिकीट लागत नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासूनची ही सवलत खारघरच्या बंगलेवाल्याला आहे तशीच वीटभट्टीवरच्या मजुरालाही आहे. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार हवे असतील, तर वय ६५ आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. धर्मादाय रुग्णालयातली मोफत खाट हवी असेल, तर ती मर्यादा १ लाख ८० हजार होते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, चष्मा, श्रवणयंत्र किंवा कमरेचा पट्टा घ्यायला एकदाच तीन हजार रुपये मिळतात. तिथे मर्यादा दोन लाखांची. आणि सत्तरीपुढच्या माणसाची बायपास करायची असेल, तर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी उत्पन्न कोणी विचारतच नाही. काठीसाठी गरिबी लिहून द्यायची, बायपाससाठी नाही.

या यादीमागे कुठलंच एक तत्त्व नाही. प्रत्येक ओळ वेगळ्या वर्षी, वेगळ्या खात्याने आणि बहुतेक वेळा वेगळ्या निवडणुकीच्या तोंडावर लिहिली गेली आहे. तरी तिच्या पोटात एक खरा वाद आहे. म्हाताऱ्या माणसाचा उपचार सरकारने फुकट करायचा, तर तो सगळ्यांचा करायचा की फक्त गरजवंतांचा? हा वाद महाराष्ट्रात मोठ्याने फारसा झालाच नाही. निर्णय मात्र दोन्ही बाजूंनी होत गेले.

सुरुवात गरिबांपासून झाली. १९९७ च्या जीवनदायी योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मदत मिळे. १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या: १५ हजारांपर्यंत पिवळी, १५ हजार ते एक लाख केशरी, त्यावर पांढरी. रेशनचा तांदूळ कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी काढलेला हा रंग पुढे रुग्णालयाच्या दारातही चालू लागला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. म्हणजे पनवेलकरांनी ही योजना उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राच्या आधी पाहिली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण, पण पिवळ्या-केशरीवाल्यांनाच. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सूट होती ती शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या चौदा जिल्ह्यांत. रायगड त्यांत नव्हता.

एक लाखाची ती रेषा १९९९ ची. नंतर पनवेलला महामार्ग रुंदावले, सिडकोच्या वसाहती भरल्या, १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली, विमानतळ आला. रेषा जागची हलली नाही. कळंबोलीतल्या एखाद्या सोसायटीच्या वॉचमनला महिना बारा हजार मिळत असतील, तर त्याचे वर्षाचे एक लाख ४४ हजार होतात आणि तो कागदावर 'सधन' ठरतो. त्याने खरं सांगितलं असतं तर त्याचं केशरी कार्ड गेलं असतं. कित्येकांनी खरं सांगितलं नाही, यात नवल काय?

करोनाने हा हिशेब एका झटक्यात बाजूला सारला. मे २०२० मध्ये राज्य सरकारने फुले योजना सगळ्यांना खुली केली, कार्डाचा रंग न बघता. साथ ओसरली तरी सगळ्यांना की फक्त गरजवंतांना, हा प्रश्न मागे राहिला. २८ जून २०२३ च्या मंत्रिमंडळ बैठकीत सर्वांसाठी पाच लाखांचं संरक्षण ठरलं आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. त्याआधी, १५ ऑगस्ट २०२३ पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार मोफत झाले होते. मग केंद्राने ११ सप्टेंबर २०२४ ला निर्णय घेऊन २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीच्या मुहूर्तावर, आयुष्मान भारत ही आपली आरोग्य योजना सत्तरीपुढच्या सर्वांना उघडली आणि 'वय वंदना' कार्ड आलं. देशातली साडेचार कोटी कुटुंबं, सहा कोटी वृद्ध, उत्पन्नाची अट नाही. कुटुंबाला आधीच आयुष्मान असेल, तर आजी-आजोबांसाठी आणखी स्वतंत्र पाच लाख. चार महिन्यांत महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्यांवरची उत्पन्नाची अट अशी दोनदा उठली. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता अट असावी म्हणणाऱ्यांची बाजू. ती उडवून लावण्यासारखी नाही. तिजोरीतला पैसा मोजका आहे. नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर फ्लॅट, दोन मुलं परदेशी आणि स्वतःचा खासगी विमा असलेल्या निवृत्त अधिकाऱ्याच्या गुडघ्याची वाटी बदलायला सरकारने पैसे द्यायचे, आणि त्याच वेळी उपजिल्हा रुग्णालयात एखादं यंत्र तंत्रज्ञाअभावी पडून राहायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? खासगी विमा असलेल्यालाही वय वंदना कार्ड घेता येतं, हे या आक्षेपाला बळच देतं. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला आणि जन आरोग्य अभियानातली मंडळी वर्षानुवर्षं याच्याही एक पायरी खालून बोलत आली आहेत. विम्याच्या वाटेने गेलेला सरकारी पैसा शेवटी खासगी रुग्णालयात पोचतो आणि सरकारी रुग्णालय उपाशी राहतं, असं त्यांचं म्हणणं. श्रीमंत-गरीब हा वाद त्यांच्या लेखी दुय्यम आहे. पैसा इमारतीत आणि माणसांत घाला की पॅकेजांत घाला, हा पहिला.

आणखी एक गोष्ट अटवाले सहसा मांडत नाहीत, पण मांडायला हवी. वय हीसुद्धा चाळणीच आहे, आणि ती गरिबांच्या बाजूची नाही. कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांवरचा कातकरी आयुष्यभर वीटभट्टी आणि कोळशाच्या धुरात राबतो. त्याच्या सत्तरीपर्यंत पोचण्याची शक्यता आणि खारघरच्या सेक्टरातल्या माणसाची शक्यता सारखी कशी असेल? सत्तरीच्या दारात रांग लावली, तर तिच्यात सुखवस्तू माणसं जास्त असणारच. शिवाय ते वय आधारवरचं. जन्माची नोंद नसलेल्या पिढीत शाळेत घातलेल्यांचा जन्म मास्तरांनी १ जूनला लावला, आणि शाळेत न गेलेल्यांचा आधारच्या केंद्रावर अंदाजाने १ जानेवारीला लागला. तिथे दोन-तीन वर्षं इकडची तिकडे झाली, की अडुसष्टीतला माणूस सत्तरीत जातो किंवा बाहत्तरीतला बाहेर राहतो.

मग माझा कल अटीच्या विरुद्ध का? कारण आपल्याकडे अट उत्पन्न मोजतच नाही; ती कागद मोजते. उत्पन्नाचा दाखला कसा निघतो ते बघा. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज, सोबत स्वयंघोषणापत्र, रेशन कार्ड, आधार. तलाठ्याचा चौकशी अहवाल. मग तहसीलदारांची सही. नोकरदाराची स्लिप असते, म्हणून त्याचा आकडा पक्का. भाजीवाली, गवंडी, रिक्षावाला, नाक्यावरचा मजूर यांच्या उत्पन्नाचा आकडा कुठून येणार? तो अर्जदाराच्या तोंडून येतो आणि बहुतेक वेळा कुठल्या योजनेसाठी दाखला हवा, यावर ठरतो. ही चाळणी ज्याला बाहेर ठेवायला लावली, तो खटपट्या असेल तर आत येतो. आणि एकटी राहणारी, लिहिता न येणारी, तहसीलच्या तीन खेपा न झेपणारी म्हातारी बाहेर राहते.

पनवेलमध्ये तर श्रीमंत कोण, हाच प्रश्न सरळ नाही. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या. जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं पोलिसांच्या गोळ्या खाऊन मेली, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. त्या पिढीतल्या एखाद्या आजोबांच्या नावावर गावठाणात घर आहे, कदाचित भूखंडाचा हिस्साही. बाजारभावाने मालमत्ता कोटीची. हातात मात्र महिन्याचं काहीच येत नाही. पेन्शन नाही, शेती गेली, भूखंड चार भावांच्या वादात अडकलेला. उत्पन्न विचारलं तर ते गरीब, मालमत्ता विचारली तर श्रीमंत. उपचारासाठी घर विकावं, असं म्हणायचं धाडस कोणी करणार आहे का?

दुसरं उदाहरण नुसत्या कागदी श्रीमंतीचं. पनवेलची कर्नाळा नागरी सहकारी बँक बुडाली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये परवाना रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा होता, त्यामुळे बहुतेक ठेवीदारांचे पैसे वाचले. पण निवृत्तीची सगळी पुंजी तिथेच टाकलेल्यांचं पाच लाखांवरचं काय? मालमत्तेची चौकशी झाली असती, तर पासबुकावर ती रक्कम होतीच. ठेव आहे पण मिळत नाही, असा रकाना कुठल्या फॉर्मवर असतो?

आणि मुलगा! कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे बहुतेक घरांत मुलाचा पगार. मुलाच्या पांढऱ्या कार्डावर आईचं नाव असतं. मुलगा हिंजवडीला, आई नवीन पनवेलला. मुलाच्या पगारावरून आईला सधन ठरवायचं, तर तो पगार तिच्यापर्यंत पोचतो असं गृहीत धरावं लागतं. तो पोचत नाही म्हणून तर २००७ साली आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मागायची सोय त्यात आहे. एकीकडे सरकार मुलगा देतो असं धरून चालतं, दुसरीकडे तो देत नाही म्हणून न्यायाधिकरण चालवतं. तळोजा, रसायनी, पाताळगंगेच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या, ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या लोकांची गोष्ट याच धाग्यातली. सप्टेंबर २०१४ पासून त्यांचं किमान निवृत्तिवेतन एक हजार रुपये. बुलढाण्याचे कमांडर अशोक राऊत यांच्या संघर्ष समितीची मागणी साडेसात हजारांची, आणि तिच्यासोबत नवरा-बायको दोघांच्या मोफत औषधोपचाराची. त्यातल्या अनेकांचा स्वतःचा फ्लॅट आहे, आणि गोळ्यांना पैसे नाहीत.

मध्यमवर्गाची तक्रार वेगळी होती, पण तिचंही वजन अट उठवण्याच्या निर्णयात पडलं असावं. म्हातारपणी विम्याचा हप्ता परवडत नाही, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेचं गाऱ्हाणं अर्थमंत्र्यांना पत्राने कळवलं, ते याच कराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर गेला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा, असं विमा नियामकाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला कंपन्यांना बजावलं. म्हणजे पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आवाज आहे, आणि तो दिल्लीपर्यंत पोचतो.

इथे अट नको म्हणणाऱ्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा येतो: आवाज असलेले लोक रांगेत असले, की रांगेची व्यवस्था सुधारते. तत्त्वतः मला हे पटतं. पनवेलमध्ये ते कितपत खरं ठरेल, याबद्दल शंका आहे. कारण दोघांची रांग एक नाहीच. पांढऱ्या कार्डवाला पाच लाखांचं कार्ड घेऊन खासगी रुग्णालयात जाणार. उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत पहाटेपासून नंबर लावणारी दुसरीच माणसं असणार.

अट उठली तरी चाळणी उठली नाही, ती जागा बदलून बसली. पूर्वी ती तहसीलमध्ये होती, आता रुग्णालयाच्या काउंटरवर आहे. कार्ड काढतानाच पहिला खोडा. नव्याने केवायसी लागतं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो नंबर बंद पडलेला असतो. बोटं लावायची, तर आयुष्यभर भांडी घासलेल्या, राबलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. यंत्र लाल दिवा दाखवतं. मग चेहरा दाखवा, डोळे मोठे करा, पुन्हा. सोबत नातवंड असेल तर काम होतं. कार्ड हातात आलं की रुग्णालय योजनेत आहे का, आणि असलं तरी हा आजार त्या रुग्णालयासाठी मंजूर आहे का, हे आरोग्यमित्राला विचारायचं. खाट नाही, या पॅकेजमध्ये हे बसत नाही, पूर्वमंजुरी यायची आहे, तोवर डिपॉझिट भरा: ज्याच्या खिशात पैसे आहेत तो भरतो आणि आत जातो. ज्याच्याकडे नाहीत तो दुसरीकडे जातो. उत्पन्नाची परीक्षा इथे होतेच, फक्त तिला दाखला लागत नाही.

आणि मुळात म्हाताऱ्यांचा खर्च कशावर होतो? रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, डोळ्यांचे थेंब. दर महिन्याचं मेडिकलचं बिल. आयुष्मान ही दाखल झाल्यानंतरची योजना. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस सोडले, तर ओपीडी आणि रोजच्या गोळ्या तिच्यात नाहीत. त्यासाठी आपला दवाखाना, नागरी आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय. तिथे गोळ्या मोफत आहेत, हव्या तेव्हा असतील तर. पाच लाखांच्या आकड्याभोवती राजकारण फिरतं. महिन्याच्या हजार-बाराशेच्या आकड्याचा फलक लावून कोणी उद्घाटन करत नाही.

परदेशात या वादाने सरकार हलवलं होतं, आणि त्या गोष्टीला मालवण तालुक्यातल्या वराड गावाचा एक धागा आहे. आयर्लंडने जुलै २००१ मध्ये सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, मोफत उपचारांचं वैद्यकीय कार्ड दिलं. लाभार्थी किती असतील हा अंदाज चुकला. नव्या, सुखवस्तू वृद्धांमागे डॉक्टरांना मिळणारं मानधनही गरिबामागे मिळणाऱ्या मानधनापेक्षा खूपच जास्त ठरलं. मग २००८ ची मंदी आली. १४ ऑक्टोबरच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी कार्डाला पुन्हा उत्पन्नाची अट लावली. आठच दिवसांत सुमारे पंधरा हजार म्हातारे डब्लिनच्या संसदेबाहेर उभे होते. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार पक्ष सोडून गेला. सरकारने मर्यादा एकट्यासाठी आठवड्याला ७०० युरो आणि जोडप्यासाठी १,४०० युरो इतकी वर नेली, की सत्तरीपुढचे ९५ टक्के आतच राहतील असं त्यालाच सांगावं लागलं. एवढा गोंधळ पाच टक्क्यांसाठी. पुढे आर्थिक संकट गहिरं झालं तशी ती मर्यादा हळूहळू खाली आली, तेव्हा तेवढा मोठा मोर्चा निघाला नाही. आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना निदान डॉक्टरची भेट पुन्हा मोफत झाली, अट न लावता. त्या वेळचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर. वडील डॉक्टर, मूळचे वराडचे.

त्या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मोर्चाचा नाही. दिलेलं एकदम काढता येत नाही, पण गाजावाजा न करता आकसता येतं, हा आहे. आपल्याकडे त्याची तालीम दुसऱ्या योजनेवर झाली. लाडकी बहीण जुलै २०२४ मध्ये अडीच लाखांची मर्यादा लिहून सुरू झाली, निवडणुकीआधी ती कोणी तपासली नाही. वर्षभराने महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी, त्याही रायगडच्याच, २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र दिसत असल्याचं सांगितलं. रुग्णालयाच्या योजनेत तेवढीही घोषणा लागणार नाही. पॅकेजचा दर न वाढवणं, रुग्णालयांची देणी थकवणं, एखादा उपचार फक्त सरकारी रुग्णालयापुरता ठेवणं एवढं पुरतं. अट कागदावर येत नाही, म्हातारा मात्र परत फिरतो.

दबाव वाढणार, हे नक्की. सत्तरीची मर्यादा साठीवर आणा आणि पाचाचे दहा लाख करा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने केली आहे. अरविंद केजरीवालांनी डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत साठीपुढच्या सर्वांना मोफत उपचारांची घोषणा केली होती. ते निवडणूक हरले, पण साठीचा आकडा मैदानात राहिला. महाराष्ट्राच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात २०१८ पासून साठच धरतात. साठीवर आले की लाभार्थ्यांची संख्या दुपटीच्याही पुढे जाईल आणि 'श्रीमंतांना कशाला' हा प्रश्न या वेळी वित्त विभागातून येईल.

तेव्हा अट लावायचीच असेल, तर ती उपचाराच्या दारात नको. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत एक रीत कित्येक वर्षं चालू आहे: पगाराच्या श्रेणीनुसार महिना २५० पासून १,००० रुपयांपर्यंत वर्गणी, निवृत्त माणूस दहा वर्षांची एकदम भरून आयुष्यभर मोकळा होऊ शकतो, आणि कार्ड दाखवल्यावर आत सगळ्यांना उपचार तेच. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणाऱ्या ज्येष्ठाकडून अशी वर्गणी घेता येते. त्याचं उत्पन्न सरकारला आधीच माहीत असतं, तलाठ्याकडे जावं लागत नाही. त्या पैशातून ओपीडीतल्या गोळ्या निघाल्या तरी खारघरच्या ज्येष्ठ नागरिक संघातले निम्मे सभासद कुरकुरत का होईना भरतील, असं मला वाटतं. जाहीरनाम्यात 'वर्गणी' लिहायची तयारी मात्र अजून कुठल्याच पक्षाची दिसत नाही.